स्कॅनरला काही सापडलं नाही, आता पुढे काय? वेब पेनटेस्टिंगची टूल्स निवडताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाला देतोय हे स्पष्ट राहील. तुम्ही पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहात. कंपनीचं वेब अ‍ॅप्लिकेशन पतसंस्था वापरतात. सभासद खातं बघतात आणि कर्जाचा अर्ज भरतात, पिग्मी एजंट रोजची वसुली टाकतो, शाखेतला क्लार्क नोंद करतो आणि मॅनेजर ती मंजूर करतो. एका पतसंस्थेने ‘सिक्युरिटी टेस्टिंग झालंय का’ असं विचारलं आणि ते काम तुमच्याकडे आलं. तुम्ही काली लिनक्स (सिक्युरिटी टूल्स आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, झॅप या मोफत टूलचा ऑटोमॅटिक स्कॅन चालवला. त्यात दोन-चार सिक्युरिटी हेडर (ब्राउझरला सुरक्षेच्या सूचना देणाऱ्या ओळी) नसल्याच्या सूचना सोडल्या तर काही निघालं नाही. आता तुम्ही विचारताय की याहून चांगलं टूल कोणतं, बर्प सूट प्रोफेशनल हे विकतचं टूल घ्यायला साहेबांना सांगावं का, आणि कालीतल्या सहाशेच्या वर टूल्सपैकी शिकायची कोणती.

मी बरीच वर्षं वेब अ‍ॅप्लिकेशन्सचं पेनटेस्टिंग, म्हणजे परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधण्याचं काम, करतो आणि त्यात आर्थिक व्यवहारांची अ‍ॅप्लिकेशन्स जास्त असतात. तुमची अडचण टूल कमी पडल्याची नाही असं मला वाटतं. या अ‍ॅप्लिकेशनमध्ये काय काय बिघडू शकतं, याची यादी अजून तुमच्यासमोर नाही. ती यादी झाली की टूल्सची निवड बरीचशी आपोआप होते. ती नसेल तर महागातलं टूलही तेच हेडरचे इशारे जास्त चांगल्या छपाईत देईल.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमचा स्कॅन लॉगिनच्या पलीकडे गेला होता का? झॅपच्या हिस्टरीत जाऊन रिक्वेस्टची, म्हणजे सर्व्हरकडे गेलेल्या मागण्यांची, यादी बघा. बहुतेक ठिकाणी ४०१ (‘आधी लॉगिन करा’ हे सर्व्हरचं उत्तर) दिसत असेल किंवा ३०२ देऊन सर्व्हर लॉगिनच्या पानावर परत पाठवत असेल, तर स्कॅनरने फक्त तुमचं लॉगिन पान तपासलंय. दुसरी शक्यता अशी की अ‍ॅप्लिकेशन रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरमध्ये आहे. अशा ठिकाणी साध्या स्पायडरला (लिंकमागून लिंक उघडत पानं शोधणाऱ्या भागाला) पानात लिंकच सापडत नाहीत, कारण त्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालल्यावर तयार होतात. झॅपमध्ये त्यासाठी अ‍ॅजॅक्स स्पायडर आहे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे तुमच्या बॅकएंडवाल्यांकडून ओपनएपीआयची फाइल (सर्व्हर कोणत्या रिक्वेस्ट घेतो त्याची यादी) घ्यायची आणि ती झॅपमध्ये इम्पोर्ट करायची. मग झॅपच्या कॉन्टेक्स्टमध्ये (स्कॅन कशाचा आणि कसा करायचा त्या सेटिंग्जमध्ये) लॉगिनची माहिती भरा आणि लॉगिन टिकून आहे हे कशावरून ओळखायचं तेही सांगा, उदाहरणार्थ पानावरचा ‘लॉगआउट’ हा शब्द. हे केलं नाही तर पाचव्या मिनिटाला लॉगिनचं सेशन संपतं, पुढचा तासभर स्कॅनर दारावरच टकटक करत बसतो आणि शेवटी ‘काही नाही’ असा रिपोर्ट देतो. मला दाखवलेल्या ‘स्वच्छ’ रिपोर्टांमध्ये हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

समजा हे सगळं नीट केलं. तरीही पतसंस्थेच्या अ‍ॅप्लिकेशनमधला सगळ्यात मोठा धोका स्कॅनरला दिसणार नाही. का, हे एका घडलेल्या प्रकरणावरून सांगतो. फर्स्ट अमेरिकन ही अमेरिकेतली मालमत्ता व्यवहारांमध्ये टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) देणारी मोठी कंपनी. मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केलं की तिच्या वेबसाइटवर एखाद्या दस्तऐवजाच्या लिंकमधला क्रमांक बदलला की दुसऱ्याच ग्राहकाचा दस्तऐवज उघडत होता, आणि त्यासाठी लॉगिनही लागत नव्हतं. सुमारे ८८ कोटी ५० लाख फाइल्स अशा उघड्या होत्या, त्यातल्या काही २००३ पर्यंतच्या. बँक खाते क्रमांक, कर्जाची कागदपत्रं, सोशल सिक्युरिटी क्रमांक, सगळं त्यात होतं. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने पुढे जे आरोप ठेवले, त्यांत असंही म्हटलं होतं की कंपनीच्याच पेनटेस्टमध्ये ही त्रुटी डिसेंबर २०१८ मध्ये सापडली होती, पण ती वेळेत दुरुस्त झाली नाही. २०२३ मध्ये कंपनीने त्या विभागाला दहा लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं.

या त्रुटीकडे स्कॅनरच्या नजरेतून बघा. रिक्वेस्ट गेली, सर्व्हरने २०० (‘सगळं ठीक’) दिलं, फाइल व्यवस्थित आली. कुठे एरर नाही, कुठे संशयास्पद मजकूर नाही. ती फाइल कुणाची आणि मागणारा कोण, हे स्कॅनरला ठाऊक नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या ‘टॉप टेन’ यादीत परवानगीच्या तपासणीतल्या चुकांचा हा प्रकार २०१७ मध्ये पाचवा होता, २०२१ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर आला. एपीआयसाठीच्या (प्रोग्राम एकमेकांशी ज्या मार्गाने बोलतात त्यासाठीच्या) त्यांच्या २०२३ च्या वेगळ्या यादीतही पहिला क्रमांक याच जातीच्या त्रुटीचा आहे.

म्हणून पहिलं टूल निवडायचं ते प्रॉक्सी. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून प्रत्येक रिक्वेस्ट दाखवणारं, थांबवणारं, बदलून पुन्हा पाठवू देणारं. माझ्या कामाच्या दिवसातला बहुतेक वेळ इथेच जातो. बर्प सूट आणि झॅप ही दोन नावं तुम्ही ऐकलीच आहेत, कैडो हे अलीकडचं तिसरं. तिन्हींची मूळ कल्पना एकच. मी बर्प वापरतो, कारण त्याचा रिपीटर (एकच रिक्वेस्ट बदलून पुन्हा पुन्हा पाठवणारा भाग) हाताला बसलाय आणि त्याची एक्स्टेंशन्स भरपूर आहेत. पण शिकणाऱ्याने यावरून वाद घालण्यात आठवडा घालवू नये. बर्पची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, मात्र तिच्यात प्रोजेक्ट सेव्ह होत नाही, स्कॅनर नाही आणि इंट्रूडरचा (एकच रिक्वेस्ट वेगवेगळा मजकूर भरून आपोआप पाठवत राहणाऱ्या भागाचा) वेग मुद्दाम कमी ठेवलेला आहे. झॅप पूर्ण मोकळं आहे, त्यात सेशन सेव्ह होतं आणि त्याच कामाच्या फझरला अशी वेगमर्यादा नाही. जाता जाता सांगतो, जुन्या व्हिडिओंमध्ये त्याला ‘ओवॅस्प झॅप’ म्हटलेलं असतं. २०२३ मध्ये तो प्रकल्प ओवॅस्पमधून बाहेर पडला आणि आता त्याच्यामागे चेकमार्क्स ही कंपनी आहे. टूल तेच आहे, गोंधळू नका.

प्रॉक्सी उघडण्याआधी कागद घ्या. उभ्या बाजूला भूमिका लिहा: सभासद, पिग्मी एजंट, क्लार्क, मॅनेजर, पतसंस्थेचा अ‍ॅडमिन, आणि लॉगिन न केलेला माणूस. आडव्या बाजूला कामं: खातेउतारा बघणं, पासबुकची पीडीएफ उतरवणं, कर्जाचा अर्ज, जामीनदाराची माहिती, नोंद टाकणं, नोंद मंजूर करणं, व्याजदर बदलणं, रिपोर्ट काढणं. प्रत्येक चौकोनात ‘चालेल’ किंवा ‘चालता कामा नये’ एवढंच. हे भरताना डेव्हलपरांमध्येच मतभेद होतील, आणि ते झाले तर फार चांगलं, कारण जिथे मतभेद आहेत तिथे कोडमध्येही गोंधळ असण्याची शक्यता मोठी. मग स्टेजिंगवर (टेस्टिंगसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर) खाती तयार करून घ्या. प्रत्येक भूमिकेची दोन, वेगवेगळ्या शाखांतली. शिवाय तुमचं अ‍ॅप्लिकेशन अनेक पतसंस्था वापरतात, म्हणून हाच सगळा संच दुसऱ्या एका काल्पनिक पतसंस्थेतही हवा. एका सभासदाला दुसऱ्याचं खातं दिसणं वाईट आहेच. एका पतसंस्थेच्या क्लार्कला दुसऱ्या पतसंस्थेचे सभासद दिसले तर तुमच्या कंपनीचा धंदाच धोक्यात येईल.

आता टूल कामाला येतं. बर्पसाठी ऑथोराइझ नावाचं एक एक्स्टेंशन आहे, ते कम्युनिटी आवृत्तीतही चालतं. त्यासाठी जायथनची (बर्पमध्ये पायथन चालवणारी) फाइल आधी जोडावी लागते. त्यात क्लार्कच्या सेशनची कुकी (त्याच्या लॉगिनची ओळख सांगणारा मजकूर) भरायची आणि तुम्ही मात्र ब्राउझरमध्ये मॅनेजर म्हणून फिरायचं. तुमची प्रत्येक रिक्वेस्ट ते मागच्या मागे क्लार्कच्या कुकीने पुन्हा पाठवतं, एकदा कुकीशिवायही पाठवतं, आणि उत्तरं ताडून बघतं. जिथे परवानगी अडवली गेली नाही ती ओळ लाल होते. तासाभरात अख्खं अ‍ॅप्लिकेशन फिरून होतं. झॅपमध्येही अ‍ॅक्सेस कंट्रोल तपासण्याचं अ‍ॅड-ऑन आहे, मात्र मला ऑथोराइझ जास्त सोपं वाटतं. दोन सावधगिऱ्या घ्या. ते नोंदी टाकणाऱ्या रिक्वेस्टही पुन्हा पाठवतं, म्हणून खऱ्या डेटावर ते कधीही चालवू नका. आणि लाल ओळ म्हणजे त्रुटी असं धरू नका. काही अ‍ॅप्लिकेशन्स नकारही २०० देऊनच कळवतात, म्हणून प्रत्येक लाल ओळ रिपीटरमध्ये घेऊन उत्तर स्वतः वाचा.

हे टूल जिथे थांबतं तिथे तुमचं टेस्टर असणं कामाला येतं, कारण पुढचं सगळं व्यवहाराच्या नियमांचं आहे. क्लार्कच्या स्क्रीनवर ‘मंजूर करा’ हे बटण नाही, पण मंजुरीची रिक्वेस्ट त्याने थेट पाठवली तर? स्वतः टाकलेली नोंद स्वतःच मंजूर करता येते का? पिग्मी वसुलीत उणे रक्कम टाकली तर शिल्लक कमी होते की नोंद नाकारली जाते? व्याजदर किंवा हप्ता ब्राउझरकडून सर्व्हरला जातो का, आणि सर्व्हर तो जसाच्या तसा घेतो का? मंजुरीनंतर अर्जातली रक्कम बदलता येते का? याला रिपीटरशिवाय काहीही लागत नाही. एकाच वेळी दोनदा पैसे काढण्याचा प्रयत्न मात्र हाताने जमत नाही. त्यासाठी रिपीटरमधले टॅब एका गटात ठेवून सगळ्या रिक्वेस्ट एकदम पाठवण्याची सोय बर्पमध्ये आहे. खात्यात हजार रुपये असताना हजाराच्या वीस मागण्या एकाच क्षणी गेल्या तर किती मंजूर होतात, हे एकदा बघाच. अनेक अ‍ॅप्लिकेशन्स आधी शिल्लक वाचतात आणि नंतर वजा करतात. त्या दोन पावलांच्या मधल्या फटीत दुसरी मागणी शिरते.

बाकीची टूल्स त्यांच्या त्यांच्या कामापुरती बघू.

एसक्यूएलमॅप डेटाबेसच्या क्वेरीत (त्याला दिलेल्या आज्ञेत) बाहेरचा मजकूर घुसवता येतो का ते बघतं, पण ते त्रुटी शोधायला सोडून देण्याचं टूल नाही. आधी रिपीटरमध्ये एखाद्या ठिकाणी संशय यावा, मग ती एकच रिक्वेस्ट फाइलमध्ये ठेवून एसक्यूएलमॅपला द्यावी. त्यात ‘रिस्क’ नावाचा एक पर्याय असतो, तो मूळ १ वर असतो. लोक उत्साहात तो ३ करतात. ३ वर ते ‘किंवा’ प्रकारच्या अटी घालून बघतं, आणि ती अट एखाद्या अपडेटच्या क्वेरीत शिरली तर एका ओळीऐवजी तक्त्यातल्या सगळ्या ओळी बदलू शकतात. पतसंस्थेच्या खात्यांमध्ये याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. पुराव्यासाठी डेटाबेसची आवृत्ती वाचून दाखवली तरी पुरतं, सभासदांचा तक्ता उतरवून घेण्याची काही गरज नसते.

लपलेली पानं शोधायला फफ, गोबस्टर अशी टूल्स आणि सेकलिस्ट्ससारख्या शब्दयाद्या वापरतात. बाहेरच्या टेस्टरला त्या लागतात. तुम्ही तर कंपनीच्या आत आहात! डेव्हलपरांकडून सगळ्या रूटची (सर्व्हरवरच्या पत्त्यांची) यादी मागा, सोर्स कोड बघायला मागा. अंदाजाने पन्नास हजार शब्द मारण्यापेक्षा ती यादी दहा मिनिटांत जास्त सांगते. कोड हाताशी असेल तर सेमग्रेपसारखं कोडमधल्या चुका शोधणारं टूल चालवा, आणि वापरलेल्या लायब्ररींच्या जुन्या आवृत्त्या तपासा. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) असाल तर एनपीएमचं हेच तपासणारं ऑडिट आधीच तुमच्याकडे आहे. आतल्या माणसाची ही बाजू लोक वाया घालवतात, बाहेरच्या हल्लेखोराची नक्कल करण्याच्या नादात स्वतःचे डोळे बांधून घेतात. मला ते पटत नाही. वेळ थोडा असेल तर जेवढी माहिती मिळेल तेवढी घेऊनच कामाला बसावं.

न्यूक्लिआय हे साच्यांवर चालणारं टूल. जगाला आधीच माहीत असलेल्या त्रुटी ते झटपट तपासतं. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या एका लायब्ररीतल्या लॉगफोरशेल या त्रुटीची बातमी आली तेव्हा शेकडो सर्व्हर भराभर तपासायला अशीच टूल्स उपयोगी पडली. पण तुमच्या डेव्हलपरने मागच्या महिन्यात लिहिलेल्या कर्जाच्या मॉड्यूलसाठी जगात कुणी साचा लिहिलेला नाही. उघडे पोर्ट शोधणारं एनमॅप एकदा चालवा, डेटाबेसचा किंवा रेडिसचा पोर्ट इंटरनेटवर उघडा राहिलेला नाही ना एवढं बघायला. टीएलएसची (वेबसाइटच्या सुरक्षित कनेक्शनची) सेटिंग्ज टेस्टएसएसएल दाखवतं. मोबाइल अ‍ॅप असेल आणि त्यात सर्टिफिकेट पिनिंग असेल तर फ्रिडा लागेल, तो वेगळा विषय आहे आणि आज तुम्हाला त्याची गरज नाही. कालीतलं बाकीचं बहुतांश नेटवर्क, वायफाय, पासवर्ड आणि फॉरेन्सिक्ससाठी आहे, ते खुशाल बाजूला ठेवा.

कोणतंही टूल चालवण्याआधी परवानगी लेखी घ्या, तुम्ही नोकरीत असलात तरी. कोणते सर्व्हर, कोणत्या तारखा, कोणती वेळ, काही बंद पडलं तर फोन कुणाला करायचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाबद्दल बोलतं, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू शुद्ध होता हे नंतर पटवत बसण्यापेक्षा एक ईमेल आधी असलेला बरा. तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमागे एसएमएस गेटवे आणि पेमेंट गेटवेही असणार. ते दुसऱ्यांचे आहेत, तुमच्या साहेबांची परवानगी त्यांना लागू होत नाही. ओटीपी किती वेळा चुकीचा टाकता येतो हे इंट्रूडरने तपासताना प्रत्येक वेळी खरा एसएमएस जात नाही ना, तेही बघा. नाहीतर बिल येईल, आणि ज्याच्या नंबरवर संदेश जातील तो वैतागेल ते वेगळंच.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पतसंस्थेला नेमकं काय हवंय, ते आधी विचारून घ्या. त्यांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरच्या ऑडिटरचं प्रमाणपत्र हवं असेल, तर तुम्ही कितीही चांगलं टेस्टिंग केलंत तरी त्यांची अट पूर्ण होणार नाही, तो खर्च वेगळा धरावा लागेल. तरीही आधी तुम्ही केलेलं काम वाया जात नाही. ऑडिटर आल्यावर सोप्या त्रुटी शोधण्यात त्याचे दिवस जाण्याऐवजी तो अवघड जागांकडे वळू शकतो. स्टेजिंग नसेल तर मात्र माझा सल्ला ठाम आहे, आधी ते उभं करा. खऱ्या सभासदांच्या डेटावर शिकू नका.

बर्प प्रोफेशनल घ्यावं का? महिनाभर तरी नको. त्याचं लायसन्स माणशी आणि वर्षाचं असतं, किंमत काही शे डॉलर. कागदावरचा तक्ता एकदा पूर्ण तपासून झाला की कुठे अडतंय ते तुम्हालाच कळेल. प्रोजेक्ट सेव्ह न झाल्याने रोज सकाळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत असेल, इंट्रूडरच्या संथपणात दुपार जात असेल, किंवा सर्व्हर आतल्या आत दुसरीकडे कनेक्शन करतोय का हे पकडायला कोलॅबोरेटर लागत असेल, तर साहेबांसमोर तेवढं मांडा आणि लायसन्स घ्या. कोलॅबोरेटरची गरज इंटरॅक्टएसएच या मोफत टूलनेही बऱ्याच अंशी भागते.

दरम्यान शिकण्यासाठी बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी पूर्ण मोफत आहे. तिच्यातले अ‍ॅक्सेस कंट्रोल, ऑथेंटिकेशन आणि बिझनेस लॉजिक हे तीन विभाग आधी करा, एक्सएसएसचे (पानात परकं जावास्क्रिप्ट घुसवण्याचे) डझनभर प्रकार नंतर. ओवॅस्पचं ज्यूस शॉप हे मुद्दाम त्रुटी ठेवलेलं सरावाचं वेब दुकान स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून ऑथोराइझचा सराव तिथे करून घ्या. काय काय तपासायचं राहिलं हे बघायला ओवॅस्पची वेब सिक्युरिटी टेस्टिंग गाइड शेजारी उघडी ठेवा.

आणि प्रत्येक चौकोन तपासला की मूळ रिक्वेस्ट आणि उत्तर फाइलमध्ये ठेवत जा, त्रुटी निघाली नाही तिथलीही. डेव्हलपरने दुरुस्ती केली की तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची असते. सुरुवात पासबुकच्या पीडीएफपासून करा. स्क्रीनवर परवानगी नीट तपासणारे डेव्हलपर फाइल डाउनलोडच्या रूटवर ती तपासायला वारंवार विसरतात, आणि तिथला क्रमांक बहुधा ओळीने वाढणारा असतो. झॅपच्या हिस्टरीत किती रिक्वेस्ट लॉगिनवर परत गेल्या होत्या ते बघून कळवा. फ्रंटएंड कशात आहे आणि सेशन कुकीत आहे की टोकनमध्ये, तेही लिहा, म्हणजे कॉन्टेक्स्टमध्ये काय भरायचं ते नेमकं सांगता येईल.